वाटेतला सर्व्हर

प्रयोगशाळेत साठ संगणक, साठांवरही डेबियन १२, आणि अपडेटची आज्ञा दिली की प्रत्येक पडद्यावर एकच उत्तर: ४०७. म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर म्हणतोय, आधी ओळख पटवा. पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पायथनची कार्यशाळा घ्यायला आलेल्या माजी विद्यार्थिनीनं तो आकडा पाहिला आणि तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना विचारलं, "सर, हा प्रॉक्सी अजून काढला नाहीत?"

"काढला नाही आणि काढणारही नाही," सर म्हणाले. "वसतिगृहात होतीस तेव्हा रोज त्याला शिव्या घालायचीस. आता हिंजवडीहून येऊन घाल."

कार्यशाळा दुसऱ्या दिवशी होती. त्यामुळे वादाला अख्खी दुपार मिळाली.

लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवायला संकेतस्थळं धुंडाळावी लागत नाहीत. पॅकेज मॅनेजरला नाव सांगितलं की तो साठ्यातून ते पॅकेज आणतो, त्याला लागणारी इतर पॅकेजं शोधतो आणि सगळं जागच्या जागी बसवतो. डेबियनवर हे काम अ‍ॅप्ट करतो. डेबियन १२ जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा त्याच्या साठ्यात ६४,४१९ पॅकेजं होती. हा साठा जगभरच्या मिरर सर्व्हरांवर ठेवलेला असतो, आणि तिथवर सरळ रस्ता आहे असं अ‍ॅप्ट गृहीत धरतो. महाविद्यालयं, बँका, सरकारी कचेऱ्या यांत तो रस्ता अनेकदा बंद असतो. आतल्या यंत्रानं बाहेर पाऊल टाकायचं नाही. काय हवं ते प्रॉक्सीला सांगायचं, तो आणून देतो. ही व्यवस्था जवळपास वेबइतकीच जुनी आहे. आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी वेब प्रॉक्सीवरचा आपला निबंध १९९४ मध्ये जिनिव्हाच्या पहिल्या वेब परिषदेत मांडला, आणि सरांच्या खोलीत जो स्क्विड नावाचा प्रॉक्सी चालतो तो १९९६ पासून चालू आहे.

तिनं आधी हाताला सवय असलेली वाट धरली. सरांनी दिलेलं तात्पुरतं लॉगिन घालून टर्मिनलमध्ये एचटीटीपी_प्रॉक्सी हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल भरलं. कर्ल या पानं उतरवणाऱ्या आज्ञेनं बाहेरचं पान मुकाट्यानं आणलं. मग सुडो लावून अ‍ॅप्ट अपडेट दिलं, तर पुन्हा ४०७.

"सुडोनं तुझं व्हेरिएबल दारातच काढून घेतलं," सर म्हणाले. सुडोची मूळ मांडणीच तशी आहे. साध्या वापरकर्त्यानं भरलेली व्हेरिएबलं रूटच्या हाती जाऊ नयेत म्हणून बहुतेक सगळी पुसून मगच तो पुढची आज्ञा चालवतो. तिला हे माहीत होतं, तिनं व्हेरिएबलं टिकवणारा पर्याय जोडून तीच आज्ञा पुन्हा दिली. तरीही ४०७.

आता सरांना मजा वाटू लागली. त्यांनी अ‍ॅप्ट-कॉन्फिग डंप ही आज्ञा चालवून दाखवली. अ‍ॅप्टला या घटकेला कोणकोणत्या सूचना लागू आहेत, त्यांची लांबलचक यादी त्यातून बाहेर पडते. त्या यादीत प्रॉक्सीचा पत्ता होता, पण लॉगिनशिवाय. साठ यंत्रांची प्रतिमा तयार करताना कुणीतरी अ‍ॅप्टच्या कॉन्फिगरेशन डिरेक्टरीत एक फाईल टाकून ठेवली होती, आणि फाईलमध्ये पत्ता असेल तर अ‍ॅप्ट व्हेरिएबलकडे ढुंकूनही बघत नाही.

"म्हणून म्हणतो, जे काय लिहायचं ते फाईलमध्येच लिहावं."

"ती फाईल नीट लिहिता आली तर ना! गेल्या वर्षीच्या मुलांनी काय केलं होतं ते तुम्हीच मेलमध्ये कळवलं होतं."

केलं होतं ते असं. अ‍ॅप्टच्या त्या डिरेक्टरीत कितीही छोट्या फायली ठेवता येतात, त्या नावांच्या क्रमानं वाचल्या जातात, म्हणूनच लोक नावापुढे ०१ किंवा ९५ असे आकडे लावतात. पण नावाला एक्स्टेन्शन लावायचंच असेल तर ते 'कॉन्फ' हेच हवं. मुलांनी फाईल 'टीएक्सटी' म्हणून जतन केली आणि अ‍ॅप्टनं ती बाजूला सारली. दुसऱ्या गटानं नाव बरोबर दिलं, पण ओळीच्या शेवटचा अर्धविराम विसरले. त्यांचं अपडेट तर राहिलंच, अ‍ॅप्टची कुठलीच आज्ञा चालेना. तिसऱ्या गटाची चूक सगळ्यांत सुशिक्षित होती. एचटीटीपीएसच्या साठ्यांसाठी जी वेगळी ओळ असते, तिच्यात त्यांनी प्रॉक्सीचा पत्ताही एचटीटीपीएसनं सुरू केला. वरवर तर्कशुद्ध दिसतं. पण ओळीच्या डाव्या बाजूचं एचटीटीपीएस हे साठ्याचं असतं, उजव्या बाजूचा पत्ता प्रॉक्सीचा. यंत्र आणि स्क्विड यांच्यातलं बोलणं साध्या एचटीटीपीत चालतं. यंत्र स्क्विडला 'कनेक्ट' म्हणून फक्त बोगदा उघडायला सांगतं आणि कूटबद्ध संभाषण त्या बोगद्यातून थेट साठ्याशी करतं. उजवीकडे एचटीटीपीएस लिहिलं की यंत्र प्रॉक्सीशीच कूटभाषेत बोलू पाहतं, आणि त्या पोर्टवर ती भाषा कुणाला कळत नाही.

तरी अ‍ॅप्ट त्यातल्या त्यात समंजस. एचटीटीपीएसची वेगळी ओळ लिहिलीच नाही तर तो एचटीटीपीचीच सूचना दोन्हींना लावतो. फेडोराच्या डीएनएफची फाईल वेगळी, तिथं पत्ता, नाव आणि पासवर्ड यांना तीन वेगळ्या ओळी. पायथनच्या पिपची फाईल तिसरीच. जावास्क्रिप्टच्या एनपीएमची चौथी. गिटला आपलं स्वतःचं. स्नॅपला स्वतःची आज्ञा. डॉकरचं तर विचारूच नका. त्याच्याकडे पुढे यावंच लागेल. सात अवजारांना एकच पत्ता सात लिप्यांत समजावून सांगावा लागतो, ही गोष्ट सॉफ्टवेअर जगतातल्या कुणालाही लाजिरवाणी वाटत नाही, याचं नवल वाटतं.

"आणि या सात ठिकाणी पासवर्ड," ती म्हणाली. तिचा पहिला खरा मुद्दा हा होता. प्रॉक्सीला लॉगिन लागतं, म्हणून पत्त्याच्या पोटातच नाव आणि पासवर्ड लिहायचे. अ‍ॅप्टच्या त्या डिरेक्टरीतल्या फायली सहसा यंत्रावरचा कुठलाही वापरकर्ता वाचू शकतो. व्हेरिएबल टर्मिनलमध्ये टाइप केलं तर ते आज्ञांच्या इतिहासात राहतं. पासवर्डात ॲट असेल तर त्याच्या जागी टक्का चार शून्य लिहायचं, हॅश असेल तर टक्का दोन तीन, नाहीतर पत्ता भलतीकडेच तुटतो. "आणि महाविद्यालयात हाच पासवर्ड मेलला चालतो, ग्रंथालयाला चालतो. तुम्ही मुलांना तो साध्या अक्षरांत लिहून ठेवायला शिकवताय."

"मी नाही शिकवत. त्यांचं ते शिकतात."

"तेच तर."

इथे सर जरा गप्प झाले. पण त्यांची बाजूही हवेत नव्हती. कुणी काय उतरवलं याची नोंद ठेवावी लागते, वरून विचारणा झाली तर उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. शिवाय खर्च आहे. समजा एका अपडेटला पाचशे एमबी लागले, तर साठ यंत्रांचे झाले तीस जीबी, आणि साठांनी त्याच फायली बाहेरून साठ वेळा आणल्या. मध्ये साठवण असेल तर बाहेरून पाचशे एमबी एकदाच येतात, बाकी सगळं भिंतीच्या आत. "तुझ्या हिंजवडीत बँडविड्थ मोजत नसतील. इथे परीक्षेचे फॉर्म भरायच्या दिवशी कुणी कर्नल उतरवला तर माझा फोन वाजतो."

"साठवण होते का पण? बघितलंय?"

बघितलं. दुपारचा सगळ्यांत रंजक अर्धा तास त्यातच गेला. स्क्विड बसवला की तो साठवत असणार असं जवळपास प्रत्येक जण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या मूळ मांडणीत डिस्कवरची साठवण बंदच असते. तो फक्त मेमरीतले २५६ एमबी वापरतो आणि तिथंही ५१२ केबीपेक्षा मोठी वस्तू ठेवत नाही. डिस्क चालू केली तरी एका फाईलची कमाल मर्यादा ४ एमबी. कर्नलचं एकच पॅकेज साठ-सत्तर एमबीचं असतं. म्हणजे वर्षानुवर्षं हा प्रॉक्सी छोटी छोटी चित्रं निष्ठेनं जपत होता आणि ज्यासाठी त्याचं समर्थन केलं जात होतं ती मोठी पॅकेजं दर वेळी बाहेरून आणत होता. सरांनी नोंदवही उघडून पाहिली. पॅकेजांच्या ओळींपुढे सगळीकडे 'मिस' लिहिलेलं.

"मर्यादा वाढवता येते," सर म्हणाले.

"येते. पण मग यासाठीच बनवलेलं अवजार का नको?"

डेबियनच्या साठ्यातच अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी नावाचं पॅकेज आहे. ते आतल्या एखाद्या यंत्रावर बसवायचं, ते ३१४२ या पोर्टवर ऐकत बसतं, आणि बाकीच्या यंत्रांवर त्याचा पत्ता सांगणारी एकच ओळ लागते. कोणती फाईल कधीच बदलत नाही आणि कोणती यादी तासातासाला बदलते हे त्याला ठाऊक असतं. साध्या वेब प्रॉक्सीला हा फरक नेहमी कळत नाही. त्यातूनच 'हॅश सम मिसमॅच' ही अ‍ॅप्ट वापरणाऱ्यांची जुनी डोकेदुखी उद्भवते: प्रॉक्सी एक यादी ताजी देतो, दुसरी कालची, दोघींचे आकडे जुळत नाहीत आणि अ‍ॅप्ट हात वर करतो. २०१६ च्या सुमारास अ‍ॅप्टनं याद्या त्यांच्या हॅशच्याच नावानं मागायला सुरुवात केली, म्हणजे जुनी आणि नवी यादी वेगवेगळ्या नावांनी ओळखल्या जातात. तेव्हापासून ही कटकट बरीच कमी झाली. मूळ कारण मात्र आजही तेच असतं.

ही सूचना तिची होती, आणि इथवर आल्यावर वाद मिटायला हवा होता. पण अ‍ॅप्ट-कॅशर-एनजीला साठवायचं तर फायली वाचता आल्या पाहिजेत, म्हणजे साठ्याशी बोलणं साध्या एचटीटीपीत हवं. एचटीटीपीएसच्या बोगद्यातून काय गेलं ते त्याला दिसत नाही. आणि गंमत अशी की हे कळल्यावर दोघांनी जागा बदलल्या. आत्तापर्यंत प्रॉक्सीची बाजू घेणारे सरच हादरले.

"म्हणजे रूटच्या अधिकारानं बसणारं सॉफ्टवेअर मी उघड्या एचटीटीपीवरून आणू? आणि तेही मधल्या यंत्राच्या हातून?"

"आणा की. विश्वास रस्त्यावर ठेवायचाच नाही. विश्वास सहीवर."

तिनं फळ्यावर साखळी काढली. साठ्याच्या मुळाशी 'रिलीज' नावाची यादी असते, तिच्यावर डेबियनच्या किल्लीनं सही केलेली. त्या यादीत पुढच्या याद्यांचे एसएचए-२५६ हॅश असतात, त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा हॅश. मधल्या कुणी एक बिट जरी हलवली तरी हॅश जुळत नाही आणि पॅकेज नाकारलं जातं. किल्ली आधीपासून यंत्रावर असते, ती वाटेतून येत नाही. म्हणून प्रॉक्सी कुणाचाही असो, मिरर कुणाचाही असो, अ‍ॅप्टला फरक पडत नाही. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या 'एच' या आवृत्तीपासून मूळ मांडणीतच आहे. वसतिगृहात किंवा रेल्वे स्थानकावर लॉगिनचं पान मध्ये येतं तेव्हाही हीच साखळी कामी येते. यादीच्या जागी लॉगिनचं एचटीएमएल आलं की अ‍ॅप्ट 'नोस्प्लिट' असं काहीतरी पुटपुटतो आणि कंसात विचारतो, या नेटवर्कला लॉगिन लागतं का? अख्ख्या लिनक्समध्ये इतकी नेमकी शंका घेणारा संदेश विरळा.

सर मात्र बरंच वाचलेले गृहस्थ. त्यांनी दोन तारखा काढल्या.

पहिली २००८ ची. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या जस्टिन कॅपॉस आणि सहकाऱ्यांनी पॅकेज मॅनेजरांवरचे हल्ले तपासले. एक सर्व्हर भाड्यानं घेतला, खोट्या कंपनीचं नाव दिलं, आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, सेंटओएस, डेबियन या पाचांच्या अधिकृत मिररांच्या यादीत तो घुसवून दाखवला. सही मोडायची त्यांना गरजच नव्हती. जुनी, खरी सही असलेली यादी पुन्हा पुन्हा देत राहिलं की यंत्राला वाटतं नवीन काही आलंच नाही, आणि ज्या त्रुटीवर उपाय निघालाय ती तशीच उघडी राहते.

"त्यावर मुदत आली ना," ती म्हणाली. डेबियनच्या सुरक्षा-अपडेटांच्या यादीवर आता कधीपर्यंत ग्राह्य ते लिहिलेलं असतं; ती उलटली की अ‍ॅप्ट शिळी यादी नाकारतो.

"आणि २०१९?"

जानेवारी २०१९ ची ती त्रुटी अ‍ॅप्टच्या इतिहासातली खरोखर वाईट म्हणावी अशी. मॅक्स जस्टिझ या संशोधकाला आढळलं की एचटीटीपीत 'ही वस्तू दुसरीकडे आहे' असं पुनर्निर्देशन आलं की अ‍ॅप्टचा उतरवणारा भाग त्यातला मजकूर नीट न गाळता मुख्य भागाकडे पाठवतो. वाटेत बसलेल्या कुणालाही त्यात आपल्या ओळी घुसडता येत होत्या, खोटे हॅशसुद्धा. म्हणजे तपासणी व्हायची, पण चोरानं दिलेल्या आकड्यांशी. पुढे थेट रूटचे अधिकार. सहीची साखळी मजबूत होती. ती वाचणाऱ्या कोडमध्ये भोक होतं. डेबियननं लगेच दुरुस्ती काढली, पण ती दुरुस्तीही अ‍ॅप्टनंच उतरवायची होती. म्हणून पत्रकात सांगितलं की या एका वेळेपुरतं पुनर्निर्देशन बंद ठेवून अपडेट करा. त्याच पत्रकात अशीही सूचना होती की असं केल्यावर काही प्रॉक्सींच्या मागे अपडेट चालणार नाही.

"एचटीटीपीएस असतं तर वाटेतला माणूस गळला असता," सर म्हणाले. "उरला असता फक्त मिरर चालवणारा."

ती यावर हटली नाही, पण मऊ झाली. तिचा युक्तिवाद असा की भोक सापडलं, बुजलं, आणि एचटीटीपीएस ही दुसरी कडी म्हणून चांगलीच. पण तिच्यासाठी साठवण सोडायची का हे ज्यानं त्यानं आपल्या नेटवर्कचा अंदाज घेऊन ठरवावं. कॅशर आणि साठ यंत्रं एकाच इमारतीत असतील तर तो तुकडा उघडा राहिला तरी चालेल, आणि कॅशरनं बाहेरच्या साठ्याशी एचटीटीपीएसनंच बोलावं अशी सोय त्यात आहे. या मुद्द्यावर तिचं पारडं जड वाटतं. ज्या दोघांमधली तार आपल्याच भिंतीत आहे, तिथं सहीवर भिस्त ठेवायला हरकत नाही.

मग ती तिच्या खऱ्या रागाकडे वळली. प्रॉक्सी फायली नुसत्या पुढे सरकवतो किंवा साठवतो, इथवर तिला मान्य. काही ठिकाणी मात्र प्रॉक्सी एचटीटीपीएसचा बोगदाच फोडतो. संस्थेचं स्वतःचं प्रमाणपत्र सगळ्या यंत्रांवर टाकतात, प्रॉक्सी प्रत्येक संकेतस्थळाचा वेश घेतो, आत डोकावतो आणि पुन्हा कूटबद्ध करून पुढे धाडतो. ब्राउझरला हे कळत नाही कारण तो सहसा यंत्राच्या प्रमाणपत्रांवर भरवसा ठेवतो. पण पिप दीर्घकाळ स्वतःसोबत आणलेल्या यादीवरच विसंबायचा. यंत्राची यादी आपसूक वापरायला तो जुलै २०२४ मधल्या २४.२ या आवृत्तीपासून शिकला. नोडची यादी वेगळी, जावाची वेगळी. म्हणून ब्राउझर चालतो आणि पिप म्हणतो, प्रमाणपत्र पटत नाही.

"आणि मग काय करतात लोक?" तिनं विचारलं. "मी सांगते. शोधतात, पहिलं उत्तर उचलतात आणि तपासणीच बंद करतात. पिपला सांगतात, या सर्व्हरवर डोळे मिटून विश्वास ठेव. एनपीएमला सांगतात, कडक एसएसएल बंद. गिटलाही तेच. काम झालं की कुणी ते परत चालू करत नाही. नवा माणूस येतो, तीच फाईल कॉपी करतो. पिपला अ‍ॅप्टसारखी सहीची साखळी नाही, सर. तिथं एचटीटीपीएस हीच बव्हंशी भिंत, आणि ती पाडायला तुमचा प्रॉक्सी शिकवतो."

या लेखापुरतं बोलायचं तर कळीची जागा हीच. वाटेतल्या सर्व्हरनं होणाऱ्या थेट नुकसानापेक्षा त्याला वळसा घालताना माणसं जे करून बसतात त्याचं नुकसान मोठं असतं. फोडाफोडीचं मोजमापही झालेलं आहे. मिशिगन विद्यापीठ, गूगल, मोझिला, क्लाउडफ्लेअर वगैरे ठिकाणच्या संशोधकांच्या २०१७ च्या अभ्यासात मधल्या उपकरणांतून गेलेल्या जोडण्यांपैकी ६२ टक्के जोडण्यांची सुरक्षा मूळपेक्षा कमी झालेली आढळली. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा पथकानंही अशा उपकरणांबद्दल इशारा दिला होता.

"आमचा फोडत नाही," सर म्हणाले, आणि ते खरं होतं.

तरी मधला साठा अगदीच सोडून द्यावा असं तिचंही म्हणणं नव्हतं, आणि इथे सरांनी २२ मार्च २०१६ ची आठवण करून दिली. त्या दिवशी अझर कोचुलू या विकसकानं नावावरून झालेल्या वादात एनपीएमवरची आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यांत अकरा ओळींचं 'लेफ्ट-पॅड' होतं. त्यावर अप्रत्यक्ष विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर कोसळले; दोनेक तासांनी एनपीएमनं ते परत आणलं. ज्यांच्या आत साठवण होती त्यांना फारसं काही जाणवलंही नाही. "बाहेरचा दुकानदार रुसला तरी घरात धान्य हवं," सर म्हणाले.

"धान्यात भेसळ होते ती त्याच कोठीत," तिचं उत्तर तयार होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिर्सान यानं दाखवलेली गोष्ट. कंपन्यांचे आतले साठे घरची आणि बाहेरची पॅकेजं एकाच खिडकीतून देतात. घरच्या खासगी पॅकेजाच्या नावाचंच, पण मोठ्या आवृत्तीचं पॅकेज त्यानं सार्वजनिक साठ्यावर टाकलं, आणि खिडकीनं 'नवीन ते चांगलं' म्हणून बाहेरचं उचललं. अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह पस्तीसहून अधिक संस्थांत त्याचं कोड चालून गेलं. त्याचा हेतू दाखवून देण्याचा होता म्हणून निभावलं.

दोन्ही घटना एकाच सोयीच्या दोन बाजू आहेत आणि एकमेकींना खोडत नाहीत. साठा हवा असेल तर कुठलं नाव कुठून घ्यायचं हे कुणीतरी बसून लिहायला हवं. सर म्हणाले की ते लिहायला त्यांच्याकडे माणूस नाही. याला तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते एवढं. प्रयोगशाळेच्या एका जुन्या यंत्रावर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवायचं, बाहेर जायचं लॉगिन फक्त त्याच यंत्रावर, साध्या वापरकर्त्याला वाचता न येणाऱ्या फाईलमध्ये. साठ यंत्रांवर पासवर्ड कुठंच नाही. पण त्यातली काही यंत्रं म्हणजे विद्यार्थी घरी नेतात ते लॅपटॉप होते, आणि कॅशरचा पत्ता फाईलमध्ये पक्का केला तर घरी अपडेट अडणार. त्यासाठी अ‍ॅप्टमध्ये एक कमी वापरली जाणारी सोय आहे: पत्त्याऐवजी एखाद्या आज्ञेचं नाव द्यायचं, दर वेळी ती आज्ञा चालते आणि प्रॉक्सी कुठला, की थेटच जायचं, ते सांगते. डेबियनमध्ये ऑटो-अ‍ॅप्ट-प्रॉक्सी हे तयार पॅकेज नेमकं हेच करतं. आसपास कॅशर दिसला तर तो, नाही दिसला तर सरळ वाट. सरांनी लगेच विचारलं, कॅफेत कुणी खोटा कॅशर मांडून बसला तर? ती फळ्यावरच्या साखळीकडे बोट दाखवून थांबली. सरांनी तारखेचा, २०१९ चा, पुन्हा उल्लेख केला. ते तसंच राहिलं.

पिपबद्दल जमलं नाही. तिला पायपीआय या पायथनच्या सार्वजनिक साठ्याचा रस्ता थेट उघडा हवा होता, सर बोगदा प्रॉक्सीतूनच जाईल म्हणाले. पुढेमागे आत डेव्हपाय हा पायथन पॅकेजांचा साठा बसवायचा, तोवर कार्यशाळेपुरती त्यांनी प्रयोगशाळेच्या पत्त्यांना लॉगिनमधून सूट दिली. आतल्या सर्व्हरांसाठी प्रॉक्सी वापरू नकोस हे सांगणारं नो_प्रॉक्सी व्हेरिएबल लिहायला घेतलं, तर त्यावरही अर्धा तास गेला. या व्हेरिएबलाला ठरलेलं प्रमाण असं नाहीच. कुणाला नावाआधी टिंब लागतं, कुणाला चालत नाही. कुणाला पत्त्यांचा अख्खा पट्टा कळतो, कुणाला एकेक पत्ता लिहून द्यावा लागतो. कर्ललाही पट्टे कळायला लागले ते २०२२ मध्ये. शेवटी तिनं चारही रूपं स्वल्पविरामांनी जोडून लिहून टाकली.

"आणि हे मोठ्या अक्षरांत लिहायचं की छोट्या?" एका विद्यार्थ्यानं विचारलं.

"नो_प्रॉक्सी दोन्हीत. एचटीटीपी_प्रॉक्सी मात्र छोट्याच." कारण सरांनी सांगितलं. वेब सर्व्हरवर सीजीआय पद्धतीत पाहुण्यानं पाठवलेल्या प्रत्येक हेडरचं, नावापुढे 'एचटीटीपी_' लागून, मोठ्या अक्षरांतलं व्हेरिएबल होतं. पाहुण्यानं 'प्रॉक्सी' नावाचा हेडर पाठवला की नेमकं तेच नाव तयार होतं आणि सर्व्हर आपली बाहेरची ये-जा पाहुण्याच्या प्रॉक्सीतून करू लागतो. पर्ल आणि कर्लवाल्यांनी हे २००१ मध्येच ओळखून वाट बंद केली होती. तरी जुलै २०१६ मध्ये 'एचटीटीपॉक्सी' या नावानं तेच दुखणं पीएचपी, पायथन, गो यांत पुन्हा निघालं. म्हणूनच कर्ल आजही त्या एका व्हेरिएबलाचं मोठ्या अक्षरांतलं रूप वाचत नाही.

विद्यार्थ्यानं ते लिहून घेतलं. तिनं लॅपटॉप मिटला.

"उद्या डॉकर आहे का तुझ्या कार्यशाळेत?" सरांनी विचारलं.

"दुसऱ्या सत्रात."

"मग उघड परत. डॉकर हबवर २०२० पासून निनावी माणसाला सहा तासांत शंभर प्रतिमा, आणि ते मोजतात बाहेरच्या पत्त्यावरून. बाहेरून बघितलं तर हे अख्खं महाविद्यालय म्हणजे एकच माणूस. साठ मुलांनी दोन-दोन मागितल्या की संपलं."

"आतला मिरर लावू."

"लावू. पण त्या मिररच्या यंत्राला बाहेर जायला लॉगिन लागेल. डॉकर सिस्टमडीच्या फाईलमधून वाचतो, आणि तिथं टक्क्याला वेगळाच अर्थ आहे, म्हणून प्रत्येक टक्का दोनदा लिहायचा. माझ्या पासवर्डात एक ॲट आहे आणि दोन हॅश."

"सर, पासवर्ड बदला."

"प्रॉक्सीचं पान उघडून बदलायचा असतो तो," सर म्हणाले, "आणि ते पान फक्त जुन्या एक्सप्लोररमध्ये चालतं."